बिडाचं भांडं: गंज काढण्याआधी आणि काढल्यानंतर

आपल्या मंडळाने जुन्या स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नोंद करायला घेतल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न इतिहासाचा नाही. "माळ्यावर आजीचा तवा सापडलाय, पूर्ण गंजलाय, काय करू?" हा तो प्रश्न. मी इंजिनिअर, त्यातून अठ्ठावीस वर्षं कारखान्यात घालवलेला, म्हणजे मला हे येत असणार असं लोक धरून चालतात. येतं, पण ते एक वस्तू कायमची बिघडवून आलेलं आहे. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

शहापुरातल्या माझ्या मावशीकडे सात खळ्यांचं आप्पेपात्र होतं. जाड, काळं, मधल्या खळ्याच्या कडेला जरासा टवका उडालेलं. तिच्या सासूच्या वेळचं. पुढे नॉनस्टिक आलं आणि हे पात्र मागच्या पडवीत गेलं. बेळगावचे दोन-तीन पावसाळे त्याने तिथे काढले. मला दिसलं तेव्हा ते तांबूस मातीच्या ढेकळासारखं झालं होतं. मी म्हटलं, मावशी, दे इकडे, एका दिवसात नवीन करून आणतो.

आणि केलं. अँगल ग्राइंडरला आधी तारेचा ब्रश, मग फ्लॅप डिस्क. दोन तासांत आतून-बाहेरून चकचकीत, शोरूममधल्यासारखं. संध्याकाळी नेऊन दिलं. मावशीने ते हातात घेतलं, उलटं केलं, अंगठ्याने तळ चाचपला आणि म्हणाली, "अक्षरं कुठं गेली रे?"

तळावर उठावाची अक्षरं होती. गंजाच्या थराखाली मला ती दिसलीच नव्हती. दिसली नव्हती म्हणण्यापेक्षा मी बघितलीच नव्हती. ओतणाऱ्याचं नाव असेल, गावाचं असेल, कदाचित साल. मावशीला वाचायला येत होतं, पण तिने ते कधी वाचून लक्षात ठेवलं नव्हतं. रोज हाताला लागणारी गोष्ट कोण वाचतं? तीन अक्षरं होती एवढं ती सांगते. मावसबहीण म्हणते चार, आणि खाली एक फूल. "काय करून ठेवलास रे हे," एवढंच मावशी बोलली आणि पात्र आत घेऊन गेली. त्या दिवसापासून मी कुणाच्याही भांड्याला ग्राइंडर लावलेला नाही.

आता मूळ विषय. आपण सरसकट ‘लोखंडी’ म्हणतो त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. एक, लोहाराने ठोकलेलं किंवा पत्र्यातून दाबून काढलेलं लोखंड: भाकरीचा पातळ तवा, पळी, उलथणं, विळी. दुसरं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. कन्नडमध्येही ‘बीडू’च म्हणतात, त्यामुळे आमच्याकडच्या बाजारात या एका शब्दावर दोन्ही भाषांचं काम भागतं. कोकणात घावणे ज्याच्यावर काढतात ते ‘भिडं’ हे यातलंच.

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, थोडं सिलिकॉन असतं. कार्बनमुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळतं. शुद्ध लोखंडाला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, बीड साधारण ११५० ते १२०० अंशांत पातळ होतं. म्हणून ते वाळूच्या साच्यात ओतता येतं. पण हाच कार्बन आत ग्रॅफाइटच्या पातळ पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो आणि प्रत्येक पाकळी म्हणजे आतल्या आत एक बारीक चीर. त्यामुळे बीड वाकत नाही, फुटतं. तापलेला तवा नळाखाली धरला की ‘टण्ण’ आवाज येतो आणि कपाळाला हात लावायची वेळ येते. बिडाला वेल्डिंग अगदी होत नाही असं नाही, निकेलच्या रॉडने करतात, पण स्वयंपाकाच्या तव्यासाठी त्या भानगडीत पडू नये. तडकलेला तवा भिंतीवर लावावा.

ओळखायचं कसं? चुंबक दोन्हीला चिकटतं, त्याचा उपयोग नाही. जाडी बघा, वजन बघा. न घासलेल्या बाजूला वाळूच्या कणांसारखा खरखरीतपणा असेल, कडेला साच्याच्या दोन पेट्या जुळल्याची बारीक रेघ असेल आणि एका जागी धातू आत सोडल्याची, नंतर तोडून घासलेली खूण असेल, तर ते बीड. ठिणगीवरूनही ओळखता येतं, बिडाची ठिणगी आखूड आणि लालसर, पोलादाची लांब आणि पांढरट. पण त्यासाठी ग्राइंडर लावावा लागतो. तेव्हा ते राहू द्या.

इथे इतिहासाबद्दल दोन शब्द, कारण घरोघरी मला ‘पेशवाईपासूनचा बिडाचा तवा’ दाखवला जातो. आपल्याकडच्या पारंपरिक भट्ट्यांत लोखंड वितळत नसे. खनिजातून मऊ, सच्छिद्र गोळा निघे आणि तो ठोकून ठोकून लोखंड तयार होई. काम उत्तम होतं, पण ते घडीव लोखंड होतं, ओतीव नव्हे. चीनमध्ये ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकाच्या सुमारास लोखंड ओतत होते. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं आणि १७०९ मध्ये कोलब्रुकडेल इथे दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळलं. स्वस्त बिडाच्या भांड्यांचा जमाना तिथून सुरू होतो. भारतात झोतभट्टीचा मोठा प्रयत्न १८३० च्या सुमारास जोशाया हीथने मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्हो इथे केला. बंगालमध्ये कुल्टीचा कारखाना १८७० च्या दशकातला. आमच्या बेळगावात १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली. कच्चं बीड आणि कोक या जड वस्तू बैलगाडीने आणून फाउंड्री चालत नाही, हे फाउंड्रीत एक आठवडा काढलेला कुणीही सांगेल. त्यामुळे या भागातल्या घरात बिडाचं भांडं दिसलं की माझा पहिला अंदाज एकोणिसाव्या शतकाची अखेर किंवा त्यानंतरचा असतो. त्याआधीचं असेल तर पुरावा हवा.

दुसरी एक सवय: बेळगावात कुठलीही जड लोखंडी वस्तू काढली की कुणीतरी म्हणतंच, "किर्लोस्करांची असणार." लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले आणि १९१० मध्ये ते औंध संस्थानात कुंडलच्या माळावर गेले, हे खरंच आहे आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. पण म्हणून प्रत्येक तवा त्यांचा होत नाही. आज उद्यमबागेत आणि आसपास फाउंड्र्यांची रांग आहे. मोटारींचे आणि पंपांचे भाग तिथून देशभर जातात. भांडं कोणाचं ते भांड्यावर लिहिलेलं असेल तर कळतं. आणि ते लिहिलेलं मी कसं पुसलं ते वर सांगितलंच आहे.

अमेरिकेतले संग्राहक तळावरच्या धातू सोडल्याच्या खुणेवरून काळ ठरवतात. लांब रेघेसारखी खूण असली की जुनं. तो नियम इकडे आंधळेपणाने लावू नका. आपल्याकडच्या छोट्या फाउंड्र्यांत हाताने साचे करण्याची पद्धत फार उशिरापर्यंत चालली, अजूनही चालते. तशी खूण असलेला तवा गेल्या वर्षीचाही असू शकतो.

आता भांडं हातात आलं की काय करायचं ते. पहिली गोष्ट, काहीच करू नका. कोरड्या मऊ ब्रशने, जुना दात घासायचा चालेल, सुटी धूळ झाडा. दिवसाउजेडी, बाजूने तिरपा प्रकाश पडेल असं धरून सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तळावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. लहानपणी नाण्याचा ठसा घ्यायचो तसा. गंजाखालची अक्षरंही पुष्कळदा अशी उमटतात. वजन करा, व्यास मोजा, घरात ते कुठून आलं ते विचारून लिहून ठेवा. हे अर्ध्या तासाचं काम आहे.

मग तडा तपासा. भांडं बोटाच्या टोकावर किंवा दोरीला टांगून लाकडी चमच्याने हलकं वाजवा. घंटेसारखा नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर संशय घ्या. खात्री करायला वर्कशॉपमधली जुनी युक्ती आहे: एका बाजूला खडूची भुकटी पाण्यात कालवून लावायची, वाळू द्यायची आणि दुसऱ्या बाजूने रॉकेल चोळायचं. आरपार तडा असेल तर खडूवर ओली रेघ उमटते. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालतं. नंतर भांडं साबणाने स्वच्छ धुवायचं हे सांगायला नको.

एक सावधगिरी. भंगारातून किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या, पूर्वेतिहास माहीत नसलेल्या बिडाच्या वाटीत किंवा लहान कढईत कुणी शिसं वितळवलेलं असू शकतं. अशा भांड्यात करड्या धातूचे डाग किंवा थेंब दिसले तर ते स्वयंपाकात घेऊ नका. रंग दिलेलं असेल तरी नाही.

गंज वरवरचा, बोटाला तांबडी भुकटी लागण्याइतकाच असेल तर फार काही लागत नाही. जाडं मीठ, थोडं तेल आणि नारळाची शेंडी. गोल गोल घासा, गरम पाण्याने धुवा. मीठ मात्र कणभरही मागे ठेवायचं नाही, कारण मिठाने गंज दुप्पट जोमाने येतो. पूर्वी राख वापरत, त्यात दोन्ही कामं होत: राखेतला क्षार तेलकटपणा काढतो आणि बारीक कण घासतात.

गंज जुना असेल तर आंबट लागतं. चिंच हा आपल्या घरातला उपाय आणि तो शास्त्राला धरून आहे, तिच्यातलं टार्टरिक आम्ल गंज विरघळवतं. मूठभर चिंच गरम पाण्यात कोळून, कोळ भांड्याला फासून अर्धा तास ठेवा आणि शेंडीने घासा. व्हिनेगर वापरायचं तर तेवढंच पाणी घालून, त्यात भांडं बुडवून, पुन्हा अर्धाच तास. इथे बहुतेकांची चूक होते. रात्रभर ठेवतात. आम्ल आधी गंज खातं आणि गंज संपला की चांगलं लोखंड खायला लागतं. सकाळी पृष्ठभाग खडबडीत, करडा, बारीक खड्ड्यांचा झालेला असतो. अर्धा तास, घासणं, बघणं. गरज असेल तर पुन्हा अर्धा तास. शेवटी चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुतलं की उरलेलं आम्ल मरतं.

भांड्यावर अक्षरं, नक्षी, बारीक काम असेल तर माझी पसंती विजेच्या पद्धतीला. ऐकायला मोठी वाटते, आहे साधी. प्लास्टिकच्या टबात दहा लिटर पाणी, त्यात दोन-तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा. मीठ अजिबात नाही, मिठाने क्लोरीन वायू तयार होतो. भांडं पाण्यात टांगायचं आणि १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार त्याला जोडायची. धन तार साध्या लोखंडाच्या एखाद्या जुन्या पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. तारा उलट्या जोडल्या तर पट्टी स्वच्छ होते आणि आजीचा तवा झिजतो, तेव्हा दोनदा बघा. स्टेनलेस स्टीलची पट्टी वापरू नका. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, म्हणून हे काम उघड्या पडवीत करायचं, बंद मोरीत नाही, आणि जवळ काडी ओढायची नाही. पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. रात्रभरात गंज मऊ काळ्या चिखलासारखा सुटून येतो. या पद्धतीत गंज संपला की काम थांबतं, खालचं लोखंड जात नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा तो.

जाळात टाकून ‘शुद्ध’ करायचा सल्ला काही जण देतात. करू नका. एका बाजूने जास्त तापून बीड वाकडं होतं किंवा तडकतं.

गंज निघाल्यावरची पाच मिनिटं फार महत्त्वाची. उघडं बीड ओलं राहिलं तर बघता बघता नारिंगी होतं. धुतलं की लगेच फडक्याने पुसा आणि मंद आचेवर ठेवा, पाण्याचा शेवटचा अंश उडेपर्यंत. सावकाश तापवा, एकदम मोठा जाळ नको.

मग तेल. तव्यावर जो काळा, गुळगुळीत थर बसतो तो नुसता तेलाचा ओलावा नसतो. तेल पातळ थरात तापलं की त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने एकमेकांत गुंफतात आणि घट्ट, कोरडा लेप तयार होतो. हे किती चांगलं होईल ते तेलावर अवलंबून असतं आणि त्याचं माप आहे आयोडीन मूल्य. खोबरेल ७ ते १० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ गुंफतच नाही. शेंगदाणा ८५ ते १०५. करडई १४० ते १५०. जवस १७० च्या पुढे. जवसाचा लेप दिसायला फार सुंदर होतो, पण ठिसूळ. पुढे खपल्या निघतात, मी दोनदा अनुभव घेतलाय. माझं मत करडईला. आमच्या उत्तर कर्नाटकात आणि सोलापूरकडे ते पिढ्यान्‌पिढ्या स्वयंपाकाचं तेल आहे. आमच्या आज्यांचे तवे इतके काळे आणि गुळगुळीत कसे असत, याच्यामागे हे एक कारण असावं असं मला वाटतं.

कृती अशी. भांडं हाताला गरम लागेल इतकं तापवा, चमचाभर तेल सगळीकडे लावा, बाहेरून, तळालासुद्धा. मग कोरड्या सुती फडक्याने ते पुसून काढा. चुकून लावलं होतं आणि आता सगळं काढायचंय अशा थाटात पुसा. जे उरतं तेवढंच पाहिजे. त्यानंतर धूर येऊन तो थांबेपर्यंत तापवा. ओव्हन असेल तर पालथं ठेवून साधारण २३० अंशांवर तासभर आणि आतच थंड होऊ द्या. असं चार-पाच वेळा. हात लावल्यावर चिकट लागलं तर तेल जास्त झालं होतं, दुसरं काही नाही. तेल न लावता पुन्हा तापवा.

नवीन बिडाचं भांडं तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत दोन-तीन दिवस, रोज पाणी बदलत ठेवायची रीत दक्षिणेत आहे. आंबलेल्या पेजेचं सौम्य आम्ल साच्याची माती आणि वरचा गंज सोडवतं. नंतर अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतात, मग भरपूर तेलात कांदा परततात आणि तो टाकून देतात. पद्धत चांगली आहे, फक्त वेळ लागतो.

मांडून ठेवायची, स्वयंपाकात न वापरायची वस्तू असेल तर हिशेब वेगळा. तिला तेलाचा लेप देऊ नका, धूळ धरून बसतो. सुटा गंज काढून टॅनिक आम्लाचं पातळ द्रावण ब्रशने लावतात. उरलेला गंज निळसर काळ्या, स्थिर थरात बदलतो. वर मेणाचा पातळ हात. संग्रहालयांत ही पद्धत चालते. आपल्या लोकांना त्यातली रसायनं नवीन नाहीत: हिरड्यात टॅनिन भरपूर आणि हिरडा व हिराकस यांची काळी शाई आपल्या जुन्या लिखाणात वापरात होती. मोडीची कागदपत्रं चाळताना ज्या काळ्या रंगाकडे आपण बघतो, त्यातला काही असा लोखंडाचा आणि हिरड्याचाच.

रोजच्या वापराचं थोडक्यात. पहिले काही दिवस तेल पिणारे पदार्थ करा: थालीपीठ, घावणे, आप्पे, कांदा परतणं. चिंच-कोकमाची आमटी, टोमॅटोची भाजी बिडात उकळत ठेवू नका. लेप जातो आणि आमटी काळी पडून लोखंडाची चव येते. केलेला पदार्थ लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. साबण चालतो, हल्लीचा भांड्याचा सौम्य साबण लेप काढत नाही. चालत नाही ते मोरीत भिजत टाकणं. घासणाऱ्या मावशींना हे एकदा नीट सांगावं लागतं, आणि सांगितलं तरी त्या दिवशी भांडं आपणच बाजूला काढून ठेवलेलं बरं.

आणि पावसाळा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम फोडतात. वापरात नसलेलं भांडं गरम करून, तेलाचा पुसट हात देऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून उंच, हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत ओल धरते. झाकण घट्ट लावू नका, मध्ये कागदाची घडी ठेवा. एकात एक रचायची असतील तर प्रत्येकाच्या मध्ये कागद.

मावशीचं पात्र पुन्हा वापरात आलं, पण त्याला वेळ लागला. फ्लॅप डिस्कने पृष्ठभाग इतका गुळगुळीत झाला होता की लेप धरेचना, पहिले दोन महिने आप्पे चिकटले आणि दर वेळी मला निरोप यायचा. आता ते काळं झालंय. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या घरी जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये एक फोटो मिळाला: मागच्या अंगणात भांडी वाळत घातलेली आणि कोपऱ्यात पालथं ठेवलेलं आप्पेपात्र. मोठा करून बघितला. फुलासारखं काहीतरी दिसतं. अक्षरांच्या जागेवर पितळेच्या तांब्याची सावली पडलीय. शहापूर, वडगाव, अनगोळ भागात कुणाकडे तळाला फूल असलेलं सात खळ्यांचं आप्पेपात्र असेल, तर घासायच्या आधी मंडळाला कळवा. पेन्सिल आणि कागद घेऊन मी येतो.